सतार प्रथम ऐकताना

मराठी माणसाचा कान शब्दावर वाढलेला आहे. पाळण्यावरच्या ओवीपासून देवळातल्या अभंगापर्यंत आणि कीर्तनातल्या आख्यानापासून नाट्यगृहातल्या पदापर्यंत जे जे सूर त्याच्या कानी पडले, ते बहुतेक शब्दाचे बोट धरूनच आले. गवयाची तान उमगो वा न उमगो, पदाचा अर्थ हाती लागतो आणि तेवढ्यावर श्रोत्याचे समाधान होते. ख्यालगायनातदेखील, बंदिशीची भाषा अर्धीमुर्धी कळली तरी ‘पिया’, ‘बालम’ असे एकदोन शब्द ओळखीचे निघतात आणि परक्या गावी गाववाला भेटावा तसा धीर येतो. सतारीपुढे प्रथमच बसलेल्या श्रोत्याला हा धीर मिळत नाही. तेथे शब्द नाही, कथा नाही, अभिनय नाही. वादक मांडी घालून बसतो, वाद्य तिरके धरतो, आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटे तबलजी तबल्यावर हात ठेवून स्वस्थ बसलेला असतो. या वीस-पंचवीस मिनिटांतच पुष्कळसे नवे श्रोते हरवतात. मैफलीत असतील तर त्यांना चहाची आठवण होते. रेडिओजवळ असतील तर हात बटणाकडे जातो.

अशा श्रोत्याला सहसा एक सल्ला मिळतो : आधी राग ओळखायला शिका, मग ऐका. सल्ला खोटा नाही, पण त्याचा क्रम उलटा आहे. पोहायला शिकल्यावाचून पाण्यात उतरू नये, असे म्हणण्यासारखेच ते झाले. रागाचे नाव ठाऊक असणे आणि राग ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोह-अवरोह तोंडपाठ असलेली, पण सुराने कधी न हललेली माणसे मैफलीत पहिल्या रांगेत बसलेली आढळतात. नवख्या श्रोत्याने पहिल्या दिवशी एकच काम करावे. त्याने षड्ज धरावा.

षड्ज धरणे अवघड नाही, कारण तो सतत वाजतच असतो. वादकाच्या मागे तंबोरा चालू असतो. सतारीवरही षड्ज-पंचमाच्या तारा मधून मधून छेडल्या जातात. हा आधारस्वर संपूर्ण मैफलीत बदलत नाही. पाश्चात्त्य संगीतात एकाच रचनेत स्वरांचे घर बदलता येते आणि ऐकणाऱ्याला नव्या घरी नेता येते. आपल्याकडे घर एकच. बाहेर किती लांब गेलो आणि कोणत्या वाटेने परत आलो, एवढाच काय तो विचार. एकदा हा घरचा स्वर कानात बसला, की इतर प्रत्येक स्वर त्याच्यापासून किती अंतरावर उभा आहे हे आपोआप जाणवू लागते. रागाची पहिली ओळख ती हीच. नाव मागाहून विचारले तरी चालते.

म्हणूनच मैफलीच्या आरंभी चाललेली तारांची जुळवाजुळव नुसता वेळकाढूपणा समजू नये. न्यूयॉर्क येथे १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेशाच्या निर्वासितांच्या साहाय्यार्थ जो मोठा जलसा झाला, त्यात पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखा अशी मंडळी वाजवावयास बसली होती. वाद्ये थोडी जुळवून होताच हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणेच इतके आवडले असेल तर वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसत म्हणाले. हा किस्सा परदेशी श्रोत्यांची थट्टा म्हणून सांगितला जातो. परंतु त्या श्रोत्यांना एवढे हसण्याचे कारण नाही. सतारीच्या तारा एकमेकींशी जुळू लागल्या की वाद्यातून जो भरदार झंकार उठतो तो खरोखरच ऐकण्याजोगा असतो, आणि त्याला दाद देणारा कान निदान उघडा होता.

हा झंकार येतो कोठून? सतारीवर वरच्या बाजूस सहसा सहा किंवा सात तारा असतात. त्यांतली एक बाजाची तार. मुख्य वादन तिच्यावर चालते. इतर तारा साथीच्या, आणि शेवटच्या दोन चिकारीच्या, उंच स्वरात मिळविलेल्या. पण या तारांच्या खाली, वाकवलेल्या पितळी पडद्यांच्या पोटातून, आणखी अकरा ते तेरा बारीक तारा गेलेल्या असतात. त्यांना तरफा म्हणतात. वादक त्यांना क्वचितच स्पर्श करतो. आरंभी एकदा करंगळीच्या नखाने त्यांच्यावरून हात फिरवतो, तेव्हा पावसाची सर यावी तसा स्वरांचा एक शिडकावा होतो. एरव्ही त्या स्वतःहून वाजतात. देवघरात घंटा वाजली की शेजारच्या फडताळातले एखादे पितळी भांडे गुणगुणू लागते, त्यातलाच हा प्रकार. ज्या स्वरात तरफेची तार मिळवलेली असेल तोच स्वर बाजाच्या तारेवर अचूक लागला, तर ती तार थरथरते. स्वर केसभर चुकला तर ती गप्प राहते. म्हणजे वादकाच्या सुरेलपणाची परीक्षा घेणारे डझनभर परीक्षक वाद्याच्या पोटातच बसवलेले असतात.

दुसरी गंमत घोडीची. तारा जिच्यावरून जातात ती ही छोटी पट्टी पूर्वी सांबरशिंगाची किंवा हाडाची करीत. आता ती कृत्रिम द्रव्याचीही करतात. व्हायोलिनची घोडी धारदार असते, तार तिला एका रेषेत टेकते. सतारीची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा घासटून जाते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर भरभरून उमटतात. हा उतार घासून नेमका साधणे म्हणजे ‘जवारी काढणे’. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या अशाच घोडीचा अभ्यास करून १९२१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूत छेडावी, त्या बिंदूत ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम. आपल्या या वाद्यांत ते ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या कारागिरांनी ही घोडी घडवली त्यांना हा नियम माहीत नव्हता. कानाला गोड लागेपर्यंत ते घासत राहिले, इतकेच.

हे कारागीर कोण, याचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडते. मिरजेत १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे शिकलगार बंधू होते. तलवारी-भाल्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा त्यांचे कुशल हात संस्थानात येणाऱ्या गवई-बजवय्यांची वाद्ये दुरुस्त करण्याकडे वळले आणि पुढे नवी वाद्ये घडवू लागले. पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. आजही मिरजेत त्यांच्या वंशजांची व शिष्यांची दुकाने एका ओळीने उभी आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याचा भोपळा येतो तो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या आसपासच्या शेतांतून. हा कडू भोपळा खाण्याच्या उपयोगाचा नव्हे. वेलावर तो पुरता जून होऊ द्यावा लागतो, मग वाळवून, आतला गर आणि बिया काढून, पोकळ झालेले कवच तेवढे ठेवतात. गोलाई हवी तशी, जाडी सारखी, कोठे भेग नाही असा भोपळा शेकड्यांतून निवडावा लागतो. विठोबाच्या परिसरात वीणा खांद्यावर घेऊन उभे राहणारे विणेकरी सर्वांना ठाऊक आहेत. त्याच मातीतला भोपळा दिल्ली-कलकत्त्याच्या मैफलींत वाजत असतो हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

वाद्याच्या जन्माविषयी एक आख्यायिका सर्वत्र प्रचलित आहे : अमीर खुसरोने वीणेवरून सतार तयार केली. आख्यायिका सुंदर आहे, पण खुसरोच्या १३व्या-१४व्या शतकातील लेखनात या वाद्याचा पत्ता नाही. ‘सेह-तार’ म्हणजे तीन तारांचे वाद्य, हे फारसी नाव. आणि सतार म्हणून जिचा उल्लेख मिळू लागतो ती १८व्या शतकातल्या दिल्लीतली. तेव्हा हे वाद्य वाटते तितके प्राचीन नाही. ख्यालगायनाचा जो बहराचा काळ, साधारण तोच तिच्याही वाढीचा काळ आहे, आणि ख्यालाशी तिचे नाते का इतके जवळचे, हे त्यावरून समजते.

आता त्या कठीण वीस-पंचवीस मिनिटांकडे वळावे. या भागाला आलाप म्हणतात. त्यात ठेका नसतो, ठरलेली चाल नसते. समजा, संध्याकाळ आहे आणि वादकाने यमन घेतला आहे. तो प्रथम षड्जाभोवती रेंगाळतो. खालच्या निषादावर जातो, तेथून षड्ज टाळून ऋषभाला स्पर्श करतो आणि गांधारावर येऊन थांबतो. एवढेच, पण ‘नि रे ग’ या तीन स्वरांत यमनाचा चेहरा उघडतो. बराच वेळ तो गांधाराच्या पुढे जात नाही. मग केव्हातरी तीव्र मध्यम लागतो आणि दिवेलागणीच्या वेळी घरात एकदम उजेड व्हावा तसे वाटते. मुद्दा असा की आलापात नवे स्वर फार सावकाश दिले जातात. स्वयंपाकघरातून एकेक पदार्थ येऊन पान वाढले जात असावे, तसे. सारे पान एकदम हवे असणाऱ्याला हा उशीर असह्य होतो. पण पुढचा स्वर कोणता येणार आणि केव्हा, याची वाट पाहायला लागलेला श्रोता या भागात कंटाळत नाही.

आलापात सतारीचे जे खास वैभव दिसते ते मींडीत. तार पडद्यावर दाबून नुसती छेडली तर एक सुटा स्वर निघतो आणि विरून जातो. हार्मोनियमसारखा तो लांबवता येत नाही. ही सतारीची मोठी उणीव. तिच्यावरचा उपाय डाव्या हाताच्या बोटांत आहे : छेडलेली तार त्याच पडद्यावर आडवी खेचायची. ताण वाढतो, स्वर चढतो. सैल सोडली की उतरतो. उत्तम वादक एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत तार खेचतो आणि उजव्या हाताने पुन्हा न छेडता अखंड स्वररेषा काढतो. गाणारा गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर जसा घसरत जातो, तसेच हे. पोलादी तार ओढून ओढून बोटांच्या शेवटांवर काळ्या रेघा उमटतात, घट्टे पडतात. सतारवादकाची ओळख पटवायला त्याचा डावा हात पुरेसा असतो. श्रोत्याने मात्र मींडीच्या शेवटाकडे कान द्यावा. छेडलेला आवाज विझत चालला आहे, आणि त्या विझत्या आवाजातच वादक शेवटचा स्वर ठेवून देतो. मोठ्या सभागृहात पंखा घरघरत असेल तर तो ऐकू येत नाही. रात्रीच्या शांततेत, रेडिओचा आवाज बेताचा ठेवून, तो अधिक चांगला ऐकू येतो.

याच मींडीला आपल्या वादनाचे सर्वस्व मानणारे कलावंत म्हणजे उस्ताद विलायत खाँ (१९२८–२००४). आजोबा इमदाद खाँ आणि वडील इनायत खाँ दोघेही नामांकित सतारिये. वडील १९३८ मध्ये गेले तेव्हा विलायत खाँ जेमतेम दहा वर्षांचे होते. आईच्या माहेरी गाण्याची परंपरा होती आणि मुलाचा ओढाही गळ्याकडे होता. परंतु वडिलांच्या घराण्याची सतार सोडायची नाही, असे आईने बजावले, अशी हकीकत सांगतात. त्यांनी सतार सोडली नाही आणि गाणेही सोडले नाही. गाणे त्यांनी सतारीत उतरवले. खर्जाच्या जाड तारा काढून टाकल्या, उरलेल्या तारांची जुळणी बदलली, आणि खेच सोसेल असे वाद्य घडवून घेतले. मैफलीत ते मध्येच बंदिश गाऊन दाखवीत आणि लगेच ती तारेवर काढीत. शब्दावर वाढलेल्या मराठी श्रोत्याने आरंभ यांच्या वादनापासून करावा, कारण शब्द नसले तरी शब्दांची जागा तेथे शाबूत असते.

पंडित रविशंकर (१९२०–२०१२) यांची वाट दुसरी. काशीत जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर पॅरिसला गेला, युरोप-अमेरिकेचे रंगमंच त्याने पाहिले, आणि १९३८ मध्ये ते सारे सोडून मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून येऊन बसला. बाबांच्या शिकवणुकीत धृपद आणि बीन यांचे वळण होते. म्हणून रविशंकरांच्या सतारीवर खर्जाच्या तारा राहिल्या आणि त्यांचा आलाप खालच्या सप्तकात गंभीरपणे बराच वेळ चालतो. लयीचे कठीण हिशेबही त्यांच्याकडे अधिक. या दोघांत श्रेष्ठ कोण, या वादात रसिकांनी अनेक रात्री घालवल्या. नव्या श्रोत्याने त्यात पडू नये. बाबांचेच दुसरे शिष्य निखिल बॅनर्जी (१९३१–१९८६) यांचे वादन ऐकताना तर या वादाचा विसरच पडतो. मुंबईत राहून वेगळाच ‘जाफरखानी बाज’ निर्माण करणारे उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ (१९२७–२०१७) हेही नाव येथे सोडता येत नाही.

आलापानंतर जोड येतो. ठेका अजून नाहीच, पण आता एक नाडी चालू झालेली असते. बसल्या जागी मान हलू लागते ती येथे. पुढे झाला : बाजाच्या तारेवर एक आघात आणि मग चिकारीवर तीन, अशी झणझणती मालिका. याला टाळ्या हटकून मिळतात. वेगाला दाद देणे सर्वांत सोपे असते. पुष्कळ वादकांना हे कळते आणि म्हणून त्यांचा झाला वर्षागणिक लांबत जातो, आलाप आखडत जातो.

मग गत. तबला वाजू लागतो आणि नवख्या श्रोत्याचा जीव भांड्यात पडतो. विलंबित गत बहुधा मसीतखानी असते. १८व्या शतकात दिल्लीच्या मसीतखाँनी ती रूढ केली. उजव्या हाताच्या तर्जनीत नखी घालून तारेवर बाहेरून आत केलेला आघात ‘दा’, आतून बाहेर केलेला ‘रा’, आणि दोन्ही झपाट्याने म्हणजे ‘दिर’. या बोलांची ठरीव वीण त्रितालाच्या बाराव्या मात्रेवरून सुरू होते : दिर दा दिर दा रा, आणि पुढचा ‘दा’ समेवर पडतो. सोळा मात्रा बोटांवर मोजत बसण्यात मात्र अर्थ नाही. तबल्यातल्या डाव्याकडे लक्ष द्यावे. त्याचा घुमारा चालू असतो आणि नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, तो नाहीसा होतो. जमीन पायाखालून काढून घेतल्यासारखे वाटते. तो पुन्हा भरून आला की सम जवळ आली असे समजावे. वादक कितीही दूर भटकलेला असो, तबलजीने कितीही आडवळणे घेतलेली असोत, दोघे त्या एका क्षणी एकत्र येतात. पाच-सहा आवर्तने अशी ऐकली की श्रोत्याच्या हाताची थाप समेवर आपोआप पडते. तिला कोणी शिकवलेले नसते.

हे सारे सावकाश उलगडण्याचे संगीत एके काळी तबकडीच्या तीन मिनिटांत बसवावे लागे. आलापाची एकदोन वाक्ये, लगेच गत, लगेच झाला. १९५०नंतर लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्या आणि त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे जुलै १९५२ मध्ये आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते. रात्रीचा दीड तास एका कलावंताला मिळू लागला, आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात किंवा शहरांतल्या संगीत परिषदांतच जो आलाप ऐकायला मिळे, तो नागपूरच्या चाळीत, बेळगावच्या वाड्यात, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत पोहोचला. रविशंकर स्वतः १९४९ ते १९५६ पर्यंत दिल्ली केंद्रावर होते. याला एक दुःखद बाजूही आहे. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत रेडिओवर इतर सर्व कार्यक्रम बंद होऊन वाद्यसंगीत वाजत राही. त्यामुळे कित्येक घरांत सतार लागली की ‘कोण गेले?’ असे विचारण्याची सवय पडली होती. त्या पिढीच्या मुलांना हे वाद्य आनंदाचेही आहे हे नव्याने शिकावे लागले.

आता ध्वनिमुद्रणांचा तोटा नाही. हवे ते, हवे तेव्हा, खिशातल्या यंत्रावर ऐकता येते. अडचण आहे ती विपुलतेचीच. दहा राग दहा-दहा मिनिटे ऐकण्यापेक्षा नव्या श्रोत्याने एकच राग घ्यावा, यमन घेतला तरी चालेल, आणि तो आठवडाभर रोज संध्याकाळी ऐकावा : दोन दिवस विलायत खाँचा, दोन दिवस रविशंकरांचा, दोन दिवस निखिल बॅनर्जींचा. चौथ्या-पाचव्या दिवशी, बहुधा हात दुसऱ्याच कामात असताना, तो तीव्र मध्यम येण्यापूर्वीच त्याच्या कानाला ऐकू येतो.